घोडा का अडला? उडीसमोर थांबणाऱ्या घोड्याची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

नोकरी सांभाळून घोडेस्वारी करणाऱ्यांपैकी मी एक. पहाटे साडेपाचला तबेल्यात, नऊला ऑफिसात, आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार स्पर्धांना. पुण्यात बारा वर्षं हेच चालू आहे. एवढ्या काळात सर्वांत जास्त वेळा कानावर आलेली तक्रार एकच, "ताई, उडीपर्यंत छान येतो आणि ऐनवेळी अडतो." माझे स्वतःचे दोन घोडे असे अडले, ओळखीतल्यांचे पंधरा-वीस तरी बघितले. बहुतेक सगळे पुन्हा उडाले. अडेलतट्टू हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळलाय की घोडा थांबला की तो हट्टी आहे असंच आधी वाटतं. मी बघितलेल्यांपैकी खरा हट्टी घोडा मला एकही आठवत नाही. दुखत होतं, दिसत नव्हतं, समजलं नव्हतं, नाहीतर वर बसलेला माणूस चुकत होता.

पुढचं सगळं साठ ते शंभर सेंटिमीटरच्या उड्या घेणाऱ्या हौशी स्वारांसाठी आहे. आपल्याकडे बहुतेकांचे घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे असतात, म्हणून उदाहरणंही त्यांचीच जास्त.

लक्षणं आधी नीट लिहून काढा

"अडतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. वही घ्या आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपा: कोणता अडथळा, कोणत्या हाताच्या वळणावरून आला, किती पावलं आधी त्याचा विचार बदलला, आणि उडी मालिकेतली कितवी होती. आठ-दहा नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं.

उडीच्या तीन-चार ढांगा आधीच वेग मरतो, मान वर येते, शेपूट फिरते, तेव्हा घोड्याने लांबूनच नकार ठरवलेला असतो. अशा वेळी मला आधी दुखण्याचा संशय येतो. शेवटच्या ढांगेपर्यंत कान पुढे करून येतो आणि मग चारही पाय रोवतो, तिथे बहुधा अंतर चुकलंय किंवा त्याला अडथळा कळलेला नाही. सरळ थांबत नाही, दरवेळी डावीकडूनच निसटतो, तर सरळपणाचा प्रश्न आहे. शर्यतीचा घोडा वर्षानुवर्षं एकाच दिशेने वळत धावलेला असतो, त्याची एक बाजू आखडलेली असणारच. घरी उडतो आणि स्पर्धेत अडतो, किंवा पहिल्या पाच उड्या होतात आणि सहावीला थांबतो, हीही वेगळी लक्षणं आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं लक्षण म्हणजे कालपर्यंत उडणारा घोडा आठवड्याभरात बदलणं. असा अचानक बदल कधीच "मूड" म्हणून सोडून देऊ नका.

अडण्याची किंमतही माहीत हवी. आंतरराष्ट्रीय नियमांत दांडी पडली तर ४ पेनल्टी, पहिल्यांदा अडला तर ४, आणि फेरीत दुसऱ्यांदा अडला की बाद. अडताना दांड्या पाडल्या तर घंटा होते, घड्याळ थांबतं, तुमच्या वेळेत ६ सेकंद जोडले जातात आणि पुन्हा घंटा होईपर्यंत उडी घ्यायची नसते. लहान गटांत आयोजकांचे नियम थोडे सैल असतात, ते प्रवेशपत्रकात वाचून घ्या.

पाच मिनिटांचं काम: तंगाखाली हात

खोगीर चढवायच्या आधी तळहात पाठीवरून, बरगड्यांवरून, तंगाच्या (पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या) जागेवरून सावकाश फिरवा. मग खोगिराखालचं कापड उलटं करून त्यावरूनही तसाच फिरवा. डोळ्यांनी बघून भागत नाही, हातानेच कळतं.

माझी कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी एका ऑक्टोबरात ओळीने तीन दिवस अडली. त्याआधी वर्षभर ती एकदाही थांबली नव्हती. मी लगाम बदलला, उड्या खाली घेतल्या, तिच्यावर चिडलेही. चौथ्या दिवशी घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या सईसमामांनी कापड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, इथं बोट लावा." कापडाच्या आत, शिवणीजवळ, गवताची चार कुसळं उभी रुतली होती. कापड धुऊन मैदानाकडेच्या वाळक्या गवतावर टाकलं होतं, तिथून आलेली. नुसतं चालताना ती टोचत नव्हती. उडीआधी मी तोल सांभाळत खोगिरात बसले की बरोबर पाठीत शिरायची. पाच मिनिटं चिमट्याने काढली, दोन दिवस पाठ सुकू दिली आणि तिसऱ्या दिवशी घोडी कान पुढे करून उडाली. तेव्हापासून आमच्याकडे कापडं दोरीवरच वाळतात.

तंगाची जागाही बघा. कोपराच्या मागे कातडी दुमडून घासली गेली तर तिथे केस उडतात, बारीक पुळ्या येतात. तंग आवळताना घोडा कान मागे टाकतो, चावायला येतो, पोट फुगवतो का? याची नोंद ठेवा, पुढे पशुवैद्याला ती लागणार आहे.

स्वारीनंतर घामाचे डाग वाचायला शिका, त्याला पैसे पडत नाहीत. खोगीर काढल्यावर पाठ दोन्ही बाजूंनी सारखी ओली हवी. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या बाजूला, सगळीकडे ओलं आणि मधेच हाताएवढा कोरडा ठिपका असेल, तर बहुधा तिथे खोगीर दाबतंय. मैदानावर परतलेला घोडा तीन-चार महिन्यांत अंगाने बदलतो. पाठीला मांस चढतं, आणि जानेवारीत बसणारं खोगीर जूनमध्ये बसेनासं होतं. वरून आणखी एक जाड कापड घातलं की बरं होईल असं अनेकांना वाटतं. अरुंद खोगिराखाली जाड कापड म्हणजे घट्ट बुटात दोन मोजे.

तोंड आणि खूर

लगामाच्या कपाळपट्टीखाली एक बोट आणि नाकपट्टीखाली दोन बोटं जायला हवीत. ओठांच्या कोपऱ्यात चिरा आहेत का बघा. दाण्याच्या टोपल्यात अर्धवट चघळलेले गवताचे गोळे सापडत असतील तर दात तपासायची वेळ आली. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात आणि गालाला आतून कापतात. शिवाय काही घोड्यांना दाढांच्या पुढे, बिटच्या (लगामाच्या तोंडात बसणाऱ्या दांडीच्या) वाटेवरच, एक छोटासा जादा दात असतो. उडीवरून उतरताना हात जरा मागे राहिला की बिट त्यावर आपटतं. वर्षातून एकदा दात घासून घेतले की धारदार कडांचा प्रश्न बहुतेक उरत नाही. मात्र तोंडात हात घालून स्वतः बघू नका. ते पशुवैद्याचं काम, त्यासाठी तोंड उघडं ठेवणारं साधन लागतं.

खुरांसाठी नालबंदाची शेवटची तारीख आठवा. पाच-सहा आठवड्यांवर गेली असेल तर आधी त्याला बोलवा, बाकीची तपासणी नंतर. वाढलेल्या खुराचा पुढचा भाग लांब होतो, उडी घ्यायच्या क्षणी पाय जमिनीवरून सुटायला उशीर होतो आणि मागच्या शिरांवर ताण येतो. पावसाळ्यात खुराच्या तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला, फ्रॉगला, वास येतोय का बघा. काळा चिकट द्राव आणि सडका वास असेल तर बाकीचं सगळं थांबवून ठाण कोरडं करा, खूर रोज साफ करा. असा घोडा उडीला नाही म्हणत नसतो, उतरताना जमिनीवर आपटणाऱ्या पायाला नाही म्हणत असतो.

नंतर घोड्याला हातात धरून कडक, सपाट जमिनीवर दुडक्या चालीने सरळ आणि वर्तुळात, दोन्ही बाजूंना पळवा. दुसऱ्या कुणाला तरी बघायला उभं करा. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकताना घोड्याचं डोकं वर उसळतं. बाकीच्या वेळी मान एका लयीत असते. ही उसळी दिसली तर या लेखातली पुढची तपासणी तुमच्यासाठी नाही. स्वारी बंद, पशुवैद्य.

लहानपणचं कोडं

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे: न फिरवल्यामुळे. ते शब्दशः खरं आहे. शहरातल्या तबेल्यात अनेक घोडे दिवसातले बावीस-तेवीस तास बारा बाय बाराच्या ठाणात उभे असतात. स्वार आठवड्यातून तीनदा येतो, आल्या आल्या उड्या सुरू करतो. अंग ताठरलेलं, पोटात दाणा जास्त आणि गवत कमी, डोक्यात साठलेली भीती. रोज सकाळी अर्धा तास हातात धरून चालवणं, दिवसातून एकदा पॅडॉकमध्ये मोकळं सोडणं आणि आठवड्यातले दोन दिवस उडीशिवायचं काम, एवढ्यानेच माझ्या माहितीतले चार घोडे सुधारले. दाणा कमी करा, सुका चारा वाढवा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, पोट तासन्‌तास रिकामं राहिलं की ते जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागाला भाजतं. शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रण सर्रास सापडतात. तंग आवळताना चिडणारा, दाणा अर्धा सोडणारा, अंगाने न भरणारा आणि उडीला अडणारा घोडा असेल तर माझा पहिला संशय तोच.

त्याला काय दिसतं

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचा भाग दिसत नाही. म्हणजे शेवटच्या ढांगेत अडथळा त्याच्या नजरेतून निसटतो, तो आधी बघितलेल्या अंदाजावर उडतो. अंदाज घ्यायला त्याला मान उचलावी लागते. जादा लगाम बांधून मान खाली दाबलेल्या घोड्याला आपण डोळे झाकून उडी मारायला सांगत असतो.

रंगांचंही तसंच. घोड्याला निळा आणि पिवळा वेगळे कळतात, लाल-नारिंगी आणि हिरवा यांच्यात त्याची गल्लत होते. हिरव्या गवतावरची नारिंगी दांडी आपल्याला उठून दिसते, त्याला नाही. ब्रिटनमध्ये हर्डल शर्यतींच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग काढून पांढरा आणला तो याच कारणाने. सरावाच्या दांड्यांना पांढरे-निळे पट्टे मारून बघा, एका डब्यात काम होतं. अडथळ्याच्या पायाशी, थोडी पुढे, एक दांडी जमिनीवर ठेवा. उडी कुठून घ्यायची ते त्याला तिच्यावरून कळतं. उन्हातून झाडाच्या सावलीत गेल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सावलीतल्या एकाच उडीला अडत असेल तर ती उडी चार दिवस उन्हात हलवा, बस.

सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी किंवा काठेवाडी घोडा आणून त्याला उड्या शिकवणारे आता बरेच भेटतात. त्या घोड्याने रंगीत दांडी, फळी, पाण्याचा निळा ट्रे आयुष्यात बघितलेला नसतो. त्याला आधी हातात धरून त्या वस्तूंमधून चालवा. फळ्या मधून उघडून वाट ठेवा, अनुभवी घोड्याच्या मागून न्या, मग वाट रोज एक वीत अरुंद करत आणा. आठवडा लागला तर लागू द्या.

आता स्वार

इथे बहुतेकांना वाईट वाटतं. मलाही वाटलं होतं. पण अचानक दुखणं सुरू झालेले घोडे सोडले तर सर्वांत जास्त उत्तरं मला इथेच सापडली आहेत, आणि ही तपासणी फुकट आहे. मोबाइल उडीच्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर लावा आणि सहा उड्या घ्या. व्हिडिओ संथ करून फक्त तीन गोष्टी बघा.

पहिली, शेवटच्या दोन ढांगांत तुमचं अंग पुढे झुकतंय का? घोडा उडायच्या आधीच आपण उडतो, सगळं वजन त्याच्या खांद्यांवर जातं. ज्या खांद्यांना वर उचलायचंय त्यांच्यावरच ओझं ठेवल्यावर पाय रोवणं हाच त्याला उरलेला मार्ग. दुसरी, तुमचे पाय. बोलताना आपण "टाच दिली" म्हणतो, व्हिडिओत मात्र पोटऱ्या सुटलेल्या आणि हात घट्ट ओढलेले दिसतात. घोड्याला पुढे जा आणि थांब हे दोन्ही एकाच वेळी सांगितलं, त्याने त्यातलं एक ऐकलं. तिसरी, उतरतानाचा हात. तोल गेल्यावर लगामाला लोंबकळलात तर उडी मारल्याबद्दल तोंडात हिसका बसतो. असे पाच-सहा हिसके झाले की सातव्या उडीला घोडा हिशेब करतो. गळ्याभोवती एक जुना चामडी पट्टा बांधा आणि उडीवर तो धरा. मोठमोठ्या स्वारांकडे शिकलेली मुलंही हा पट्टा वापरतात, त्यात कमीपणा नाही.

नजर कुठे आहे तेही बघा. अडथळ्याच्या पायाशी बघणारा स्वार तिथेच थांबतो, घोड्यासकट. पलीकडचं झाड, खांब, पुढचं वळण, काहीतरी निवडा आणि तिकडेच बघा.

यानंतर अंतरं. साधारण घोड्याची कॅन्टरमधली (दुडकीच्या पुढच्या, वेगाच्या चालीतली) ढांग ३.६ मीटर, म्हणजे आपली ९० सेंटिमीटरची चार पावलं. एका ढांगेच्या जोडउडीत (लागोपाठच्या दोन अडथळ्यांमध्ये एकच ढांग) आठ पावलं, दोन ढांगांच्या जोडउडीत बारा. दोन पावलं उतरायची, दोन उडी घ्यायची, मधली ढांगेची. सरावाच्या मैदानात हे अंतर टेपने मोजा, अंदाजाने नको. एकदा एका मुलीचा घोडा जोडउडीच्या दुसऱ्या अडथळ्याला महिनाभर अडत होता. मैदानातली बारा पावलं मोजली तर साडेदहाच भरली. कुणीतरी रोलर फिरवताना स्टँड सरकवले होते. लहान चणीच्या घोड्यासाठी अंतर थोडं कमी करा, पण जाणूनबुजून, मोजून.

दुडक्या चालीतून छोट्या क्रॉसवर (फुलीसारख्या लावलेल्या दोन दांड्यांवर) या, आधी साधारण अडीच मीटरवर जमिनीवर एक दांडी ठेवून. ती दांडी त्याला दरवेळी बरोबर जागी आणून सोडते. स्वाराला अंतर शोधावं लागत नाही, दोघांचाही भरवसा परत येतो. दहा मिनिटं पुरेत. चांगल्या उडीवर उतरा आणि लगेच घरी न्या.

चाबकाबद्दल

स्पर्धेच्या नियमांत एका कारणासाठी चाबूक तीनपेक्षा जास्त वेळा वापरता येत नाही, डोक्यावर कधीच नाही, आणि बाद झाल्यावर तर अजिबात नाही. मला त्याहून पुढे सांगावंसं वाटतं: कारण सापडेपर्यंत चाबूक तबेल्यात ठेवा. पाठीतल्या कुसळासाठी पुठ्ठ्यावर फटका म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. त्या ऑक्टोबरात मी माझ्या घोडीला दोन फटके दिले होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

फक्त स्पर्धेत अडत असेल तर

घरी सगळं ठीक आणि स्पर्धेत अडतो, तेव्हा वॉर्मअपचा हिशेब करा. घाबरलेला स्वार वॉर्मअपमध्ये वीस-पंचवीस उड्या मारतो आणि घोडा रिंगमध्ये जाईपर्यंत दमलेला असतो. आठ ते दहा उड्या भरपूर. उंची वर्गाच्या उंचीवरच थांबवा. शेवटची उडी तुमच्या आधीचे दोन स्वार बाकी असताना घ्या. आत गेल्यावर घंटेनंतर सुरुवात करायला ४५ सेकंद मिळतात. ते वापरा: ज्या कोपऱ्यात बॅनर फडफडतोय, ज्या बाजूला तंबू आणि लोक आहेत, तिकडून घोड्याला कॅन्टरमध्ये नेऊन आणा. पहिल्या उडीला अडणारे कितीतरी घोडे एवढ्यानेच सुटतात. शक्य असेल तर आदल्या दिवशी पोहोचा. ट्रकमधून चार तास आलेला, पाणी न प्यायलेला घोडा त्याच दुपारी उडवू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

पशुवैद्याला लगेच बोलवायच्या खुणा: लंगडणं, पायाच्या मागच्या शिरा गरम किंवा सुजलेल्या, खुरात एकदम ऊब, पाठीवर हात फिरवताच खाली दबणं, एका डोळ्यातून पाणी किंवा डोळ्यात पांढुरकेपणा, नाकातून रक्त, खाणं सुटणं, ताप. विश्रांतीच्या वेळी तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसमध्ये असतं. त्यापुढे गेलं तर स्वारीचा विचारही नको. गावातल्या पशुवैद्याला मुख्यतः गाई-म्हशींचा अनुभव असेल तर कडक जमिनीवरच्या दुडकीचा व्हिडिओ आणि तुमची वही घोड्यांच्या डॉक्टरला पाठवा. वरची पाच मिनिटांची तपासणी नीट केली असेल तर त्यांचा अर्धा वेळ वाचतो. वेदनाशामक देऊन "बघू, उडतो का" हा प्रयोग करू नका. दुखणं झाकलं जातं, इजा वाढते आणि स्पर्धेत ते डोपिंग ठरतं.

प्रशिक्षकाला बोलवायची वेळ म्हणजे घोडा तपासून निरोगी निघाला, तरी दोन आठवड्यांत फरक नाही. किंवा तुम्हालाच उडीकडे जाताना पोटात गोळा येतोय. यात लाज नाही. अनुभवी स्वाराला दोन वेळा घोडा उडवू द्या आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा. त्यांच्याकडे उडाला तर शिकायचं कुणाला ते कळलं, त्यांच्याकडेही अडला तर पुन्हा पशुवैद्य.

आणि घोडा अडताना मागच्या दोन पायांवर उभा राहायला लागला तर त्याच क्षणी खाली उतरा. स्वतः "मोडून काढायचा" प्रयत्न करू नका. तो उलटा पडला तर खाली तुम्ही असता.

परत उड्या सुरू करताना

कारण सापडून दूर झालं तरी घोड्याला ते माहीत नसतं. त्याच्या आठवणीत उडी म्हणजे अजून दुखणंच. पहिला आठवडा जमिनीवरच्या दांड्या आणि चढ-उतारावर चालणं. दुसरा आठवडा दुडकीतून क्रॉस, एका दिवसाआड, दहा उड्यांच्या आत. तिसऱ्यात कॅन्टरमधून साधे अडथळे, नेहमीच्या उंचीच्या निम्म्याने. एकदा जरी थांबला तर उंची लगेच खाली घ्या, त्या उडीवरून पलीकडे न्या आणि दिवस तिथेच संपवा. परतीच्या पहिल्या स्पर्धेला नेहमीपेक्षा वीस सेंटिमीटर खालचा वर्ग भरा. माझ्या कुमैत घोडीने त्या डिसेंबरात सत्तरचा वर्ग केला, नव्वदचा नाही. नऊच्या नऊ उड्या झाल्या आणि बाहेर आल्यावर तिने सईसमामांच्या खिशातला गूळ स्वतःच शोधून काढला.